जाऊच्या घरातून गेलेला दोर

भिंत पाडून तीन दिवस झाले होते, तरी त्या जागी आलं की आमच्याकडच्या माणसांचं पाऊल अजून आखडायचं. जमिनीवर विटांचा एक लाल पट्टा तेवढा उरला होता. मी मात्र मुद्दाम त्याच्यावरून चारदा इकडून तिकडे फिरले. एकोणीस वर्षांपूर्वी ती भिंत मीच हट्टाने घालायला लावली होती, तेव्हा ओलांडायचा पहिला मानही माझाच.

नवरा गेल्यावर चाकाशी कोण उभं राहणार यावरून दीर आणि मी भांडलो आणि दोनशे चाळीस मीटर लांबीची शेड मधोमध कापली. चाक माझ्या वाट्याला आलं, घसरगाडी त्यांच्या. आता दोर वळायचा तर एका टोकाला पीळ द्यायला चाक लागतं आणि दुसऱ्या टोकाला पेड ताणून धरायला वजन लादलेली घसरगाडी. एक असून दुसरं नसेल तर मोठा दोर होत नाही. म्हणजे दोघांनी मिळून मोठ्या हुशारीने दोघांचाही धंदा बसवला. एकोणीस वर्षं मी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या वळल्या आणि दिरांनी गाठोडी बांधायच्या. तोवर गावातली निम्मी दुकानं बंद झाली, शाळेचे चार वर्ग एका खोलीत बसायला लागले, आणि सरकार आमच्याकडे यायचं ते फक्त माणसं किती उरली ते मोजायला.

या वर्षी मात्र ते काहीतरी द्यायला येणार होतं. राजधानीतल्या मंत्रालयाने ओस पडत चाललेल्या गावांसाठी योजना काढली. गावाने आपलं एक जुनं काम पुन्हा उभं करून दाखवायचं, जागा आणि माणसं गावाने द्यायची, यंत्रं, शिकणाऱ्यांचा पगार आणि पहिली मागणी सरकारने. आमच्या बाजूच्या तीन गावांतून एकच निवडायचं होतं. आमचे नगराध्यक्ष पूर्वीचे सायकल दुरुस्तीवाले, पण माणूस चिकाटीचा. सहा वेळा राजधानीला जाऊन बसला आणि आमच्या शेडसाठी मागणी घेऊन आला. नदीवरच्या तराफ्यांना लागतो तसा लांब दोर, एकसंध, मध्ये जोड नाही. तो मंत्रालयाच्या अधिकारी बाईंच्या डोळ्यांदेखत वळून दाखवायचा. त्या आज तीन वाजता येणार होत्या.

आणि माझं काय अडलं होतं, तर माझी नात. अंगाने बारीक आणि टोचायला तयार, म्हणून घरात तिला टाचणी म्हणतात. या सगळ्यासाठी ती शहर सोडून चार महिने इथे येऊन राहिली होती. अर्ज तिने भरला, नकाशे तिने काढले, भिंत पाडायला दिरांच्या घरी जाऊन त्यांना तयार केलं तेही तिनेच. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आदल्या दिवशी गाडी घेऊन आला होता. ठरलं असं होतं की गावाचं नाव यादीत राहिलं तर पोरगी इथे राहील, नाही राहिलं तर सोमवारी त्याच्याबरोबर जाऊन त्याने बघून ठेवलेली नोकरी धरील. शब्द तिनेच दिला होता. माझ्यासारखीच आहे, शब्द दिला की पाळणार, त्यामुळे मला जास्त भीती.

सकाळी नऊच्या सुमाराला दीर लाकडी घोड्या मांडत होते. ताणलेले पेड जमिनीला लागू नयेत म्हणून दर काही पावलांवर घोडी ठेवतात. सत्तरी उलटलेला माणूस, पण घोडी एका बोटाने सरळ करतो. दोर कुठवर येणार त्याची खूण करायला त्यांनी टाचणीला कागदावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. तिने वाचलं, तीन पेडी दोर, लांबी दोनशे चाळीस मीटर.

दीर थांबले. त्यांनी विचारलं, शेड किती? ती म्हणाली, दोनशे चाळीस. आणि दोर? दोनशे चाळीस. पोरीला यात काय विचारायचं तेच कळेना.

मग त्यांनी सुताचे तीन धागे घेतले, तिचा हात सरळ धरला आणि खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून तोडले. वेगवेगळा पीळ दिला, मग तिन्ही एकत्र सोडले. धागे एकमेकांवर चढले, दोर झाला. तो त्यांनी पुन्हा तिच्या हातावर ठेवला. खांद्यापासून निघाला आणि कोपराच्या थोडा पुढे येऊन संपला.

पिळला की दोर आखडतो. तिसरा हिस्सा जातो. हे आमच्या घरात चालायला लागलेल्या मुलाला माहीत असायचं. पण ती झाली भिंतीनंतर. तिने जन्मात मोठा दोर वळताना पाहिला नव्हता. तिने शेड मोजली आणि तोच आकडा दोराचा म्हणून लिहिला. दोनशे चाळीसचा दोर हवा तर तीनशे साठ मीटर सूत ताणायला हवं. शेड एकशे वीस मीटर कमी पडत होती.

दीर एका घोडीवर बसले. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला दिसत होतं. हे पोरीला कोणी शिकवायचं होतं? त्यांनी की मी?

दहा मिनिटांत सगळे जमले. माझ्या मुलाने कपाळाला हात लावला नाही एवढंच. तो वाईट माणूस नाही, पण शहरात गोदामावर साहेब झाल्यापासून त्याला सगळीकडे आधी बाहेर पडायचं दार दिसतं. त्याचं म्हणणं, नगराध्यक्षांना सांगून अर्ज मागे घ्या, इज्जतीत सुटा. शेड घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, तेही त्याने बघून ठेवलं होतं. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला की चूक सगळ्यांची होते, सोमवारी निघू. तिने मान हलवली. तिने मान हलवली ते बघून माझं डोकं फिरलं.

धाकटी जाऊ, म्हणजे दिरांची बायको, दारात उभी होती. हिची जीभ म्हणजे अडकित्ता, आणि नेम माझ्यावर. तिने अगदी सरळ तोंडाने विचारलं, "सहीच्या आधी कागद जाऊबाईंनी वाचलाच असेल ना?"

आता खरं सांगायचं तर कागद माझ्या हातात दिला होता. टाचणी म्हणाली होती, आजी, वाचून दाखवू का? मी म्हटलं होतं, मला काय वाचता येत नाही? तीन इयत्ता शिकले आहे मी. मोठी अक्षरं वाचली, बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि सही ठोकली. तो आकडा बारीक अक्षरांत होता. मोठ्याने वाचला असता तर मला तिथेच कळलं असतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चार उत्तरं जिभेवर तयार होती, चारही जाऊला झोंबणारी. पण शेजारी पोर पांढरीफटक उभी होती.

"चूक माझी," मी म्हटलं. "कागद माझ्या हातात होता आणि मी वाचण्याचं नाटक केलं."

जाऊने पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते तिला गिळावं लागलं. तिने नंतर कबूल केलं की लग्न होऊन आल्यापासून माझ्या तोंडून 'चूक माझी' हे तिने कधी ऐकलं नव्हतं आणि तिला वाटलं, म्हातारीला बरं नाही की काय.

एवढ्यात नगराध्यक्ष सायकलवरून आले. ऐकून घामाघूम झाले. मग माणूस घाबरल्यावर सुचतं ते त्यांना सुचलं. दोन दोर वळा, मध्ये बेमालूम जोडा, वरून सूत गुंडाळा, राजधानीत बसणाऱ्या बाईंना काय कळतंय. माझा मुलगाही म्हणाला, हे जमेल. दोघांचं एक झालं तेव्हा दीर घोडीवरून उठले.

"तराफा भर नदीत असतो," ते म्हणाले. "तुटायचा झाला तर दोर जोडाशी तुटतो. वर माणसं असतात." आणि परत बसले. महिनाभराचं बोलणं त्यांनी एका दमात संपवलं. नगराध्यक्ष सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले.

मला तेव्हा सासरे आठवले. मोठा दोर असला की ते शेडचं शेवटचं दार उघडायचे आणि घसरगाडी बाहेर मोकळ्या पटांगणात न्यायचे. शेड कमी पडली तर शेडच्या बाहेर जायचं, एवढी साधी गोष्ट. मी ते बोलले. बोलता बोलताच सगळ्यांच्या माना वळल्या, कारण ते पटांगण आता नव्हतं. भिंत झाल्यावर दिरांनी तिथेच घर बांधलं होतं. शेडचं दार, मग बोळ, मग त्यांचं घर, आणि घराच्या मागे बाजाराचा रस्ता. दोर बाहेर न्यायचा तर जाऊच्या घरातून न्यावा लागणार होता.

जाऊ बोळ ओलांडून घरात गेली आणि दार लावून घेतलं.

तिच्या बाजूने बघा. बाईने ते घर विटेविटेने उभं केलं. आधी दोन खोल्या, मग तिसरी, आणि गेल्या वर्षी फरशी. पांढरी, कडेने निळी नक्षी. तीन वर्षं लोकांचे कपडे शिवून आणलेली फरशी. येणाऱ्याने दारात बूट काढायचे, पाय पुसायचे, मगच आत. आणि आता तिच्या त्या फरशीवरून वजन लादलेली घसरगाडी ओढत नेणार, तीही कोणासाठी, तर जिने तिला एकोणीस वर्षं भिंतीपलीकडे ठेवलं तिच्यासाठी. तिच्या जागी मी असते तर कडी तर लावलीच असती, वर कुलूप घातलं असतं.

मुलगा म्हणाला, आई, सोड आता. दीर म्हणाले, मी बोलून बघतो. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही बोललात तर ती ऐकेल आणि आयुष्यभर तुम्हाला ऐकवेल. भांडण माझं आहे.

बोळ पाच पावलांचा. तो ओलांडायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. दार वाजवलं. तिने अर्धं उघडलं.

"काय पाहिजे?"

"तुझं घर."

"सगळं?"

"मधलं तेवढं."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो जागेवर आणला. म्हणाली, "फरशीचं काय?"

"फुटेल," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "भरून देईन असं म्हणायला आले नाही. फुटेल हे सांगून मागायला आले आहे. पोर जाईल गं सोमवारी."

तिने माझ्या मागे उभ्या टाचणीकडे पाहिलं. टाचणी लहान असताना भिंतीच्या फटीतून हात घालून छोट्या आजीकडून, म्हणजे जाऊकडून, खाऊ घ्यायची. मला ते ठाऊक होतं हे जाऊला ठाऊक नव्हतं. मी ती फट कधी बुजवली नाही, एवढंच माझं पुण्य.

"बूट काढून यायचं," जाऊ म्हणाली. "सगळ्यांनी. आणि घरात मी सांगेन तसं. तुम्ही नाही."

मी चपला काढल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात पाय ठेवला. घर माझ्या घरापेक्षा स्वच्छ होतं, हे मी तिला आजही सांगितलेलं नाही.

तिने पुढचं दार उघडलं, मधलं उघडलं, मागचं उघडलं. तिन्ही दारं एका रेषेत होती. नुसती एकमेकांच्या नाही, शेडच्या. मी दारात उभी राहिले तर पाठीमागे शेडच्या पार टोकाचं माझं चाक दिसत होतं आणि समोर बाजाराच्या रस्त्याचं शेवटचं घर. ओळंबा लावून बांधल्यासारखं.

जाऊ नवऱ्याकडे वळली. एकोणीस हिवाळे ती या घरात आरपार वारा खात होती. शंभर वेळा तिने म्हटलं होतं, मधलं दार जरा बाजूला घ्या, आणि शंभर वेळा त्यांनी काहीतरी सबब सांगितली होती.

दीर घोड्या मोजत होते. वर न बघता म्हणाले, "रेघ मोडवेना."

त्यावर तिने त्यांना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. पण ऐकवताना ती कपाट सरकवत होती.

मग जो उडाला गोंधळ. शिवणयंत्र माझ्या घरी गेलं, पलंग उभा करून भिंतीला लागला. सूत कमी पडणार होतं, कारण दिरांनी शेडपुरतंच काढून ठेवलं होतं. मी माझ्याकडची कपड्यांच्या दोरीची सगळी रिळं बाहेर काढली. माझं सूत सैल असतं असं दीर एकोणीस वर्षं गावाला सांगत आले. त्यांनी एक धागा दोन्ही हातांत धरून ताणला, पुन्हा ताणला, आणि घसरगाडीच्या आकड्यात अडकवला. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

घराच्या मागे बाजाराच्या रस्त्यावर अजून शंभरेक मीटर जायचं होतं आणि घोड्या संपल्या. नगराध्यक्षांनी सायकल टाकली आणि पायीच धावत सुटले. न्हाव्याने बाकडी आणली, शिक्षिकेने शाळेतल्या खुर्च्या पाठवल्या आणि पाठोपाठ चारही वर्ग घेऊन स्वतः आली. बंद दुकानांच्या मालकांनी वर्षानुवर्षं न उघडलेली शटर वर केली, कारण उंच स्टूल, टेबलं, मापाच्या पेट्या सगळं आत पडून होतं. धूळ अशी उडाली की रस्ता दिसेना. काही दुकानदार माल नसलेल्या दुकानातच उभे राहिले, गल्ल्यामागे, सवयीने.

टाचणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. आता तिचा चेहरा लाल झाला होता. हिशोब ती करत होती, कुठे किती अंतरावर घोडी हवी, कुठे झोळ पडतोय. तिच्या बापाने दोनदा तिला हाक मारली, तिने ऐकली नाही. तिसऱ्यांदा त्याने हाक मारली नाही, कोट काढला आणि टेबल उचललं.

अधिकारी बाई तीनऐवजी दोनलाच आल्या. बरोबर एक मदतनीस, त्याच्या हातात मोजायचं चाकाचं यंत्र. त्यांनी बघितलं ते असं की एका रस्त्यात खुर्च्या मांडल्यात, खुर्च्यांवरून सूत एका घरात शिरलंय, घराबाहेर पडून बोळ ओलांडून शेडमध्ये गेलंय, आणि गाव अनवाणी आहे. त्यांनी हसून विचारलं, हे काय? नगराध्यक्षांनी घसा खाकरला. त्यांच्या आधी टाचणी पुढे झाली.

"अर्जात मी चुकीचा आकडा लिहिला," ती म्हणाली. "या शेडमध्ये एकशे साठच मीटरचा दोर होतो. तुम्हाला दोनशे चाळीस लिहून दिला, म्हणून आम्ही शेड लांब केली."

नगराध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी सुताच्या ओळीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आत यायला निघाल्या. दारात जाऊ उभी होती. केंद्र सरकारला तिने बूट काढायला लावले.

सुरुवात करायची तेव्हा घसरगाडीवर वजन कमी पडलं. दगड चढवले, पोती चढवली, तरी दीर मान हलवत होते. मी मुलाला म्हटलं, शहरात पोट सुटलंय ते आज कामाला येऊ दे. तो बसला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीची विजार, पोत्यांच्या मध्ये मांडी घालून. त्याने नंतर मला सांगितलं की बसल्या बसल्या तो घरी परत जायची वेळ ठरवत होता. मग गाडी त्याच्या बुडाखाली एक वीत पुढे सरकली. तीनशे साठ मीटरवर उभ्या असलेल्या आईने चाक फिरवलं आणि तो इथे हलला. त्यानंतर त्याने घड्याळ पाहिलं नाही.

चाक मी धरलं होतं, बरोबर तिघी बायका. आमच्या टोकाला ओरडलेलं त्या टोकाला ऐकू जात नाही, म्हणून दर थोड्या अंतरावर माणूस उभा करून शब्द पुढे द्यायचा. मधल्या दारात जाऊ होती. म्हणजे माझा प्रत्येक शब्द तिच्या तोंडून पुढे जाणार होता. मी म्हटलं 'सावकाश', की पलीकडे पोहोचायचं 'सावकाश म्हणतायत, आयुष्यात पहिल्यांदा.' त्या टोकाला लोक का हसतायत ते मला कितीतरी वेळ कळलं नाही.

पेडांना पीळ चढला तशी गाडी रस्त्यावरून सरकायला लागली. पुरेसा चढल्यावर दिरांनी तीन खाचांचा लाकडी ठोकळा पेडांमध्ये बसवला. त्याच्या पुढे तीन पेड वेगवेगळे आणि मागे दोर. ते ठोकळा धरून चाकाच्या दिशेने चालू लागले आणि त्यांच्या मागे दोर होत गेला. गोल, घट्ट, एकसारखा. शाळेची पोरं त्याला हात लावून बघत बरोबर चालली होती. दीर बाजारातून घरात शिरले, स्वतःच्या स्वयंपाकघरातून, स्वतःच्या पलंगाजवळून, पुढच्या दाराने बोळात, बोळातून शेडमध्ये. एकोणीस वर्षांनी त्यांनी तो लाल पट्टा ओलांडला. मी चाकाशी उभी राहून त्यांना लहानाचं मोठं होताना बघत होते. मध्ये कुठेच भिंत नव्हती.

आणि तेवढ्यात शब्द आला, थांबा.

घसरगाडी जाऊच्या मागच्या उंबऱ्याला अडकली होती. दगडी उंबरा, वीतभर उंच. फळ्या टाकून चढवायचं ठरलं होतं, त्या फळ्या वजनाने मोडल्या. आता आम्ही चाक थांबवलं तरी पिळलेले पेड गाडीला ओढत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. दोर ताणला गेला, आवाज करायला लागला. मुलगा सांगतो, तो आवाज त्याला दातांत ऐकू येत होता. तुटला असता तर पुन्हा सूत नव्हतं आणि दिवसही नव्हता. माणसं गाडी उचलायला धावली, पण दाराच्या चौकटीत दोघांपेक्षा जास्त मावेनात. मुलगा उतरायला निघाला तर टाचणी ओरडली, बाबा, उतरू नका, वजन गेलं तर पीळ उलटा सुटेल. बाप परत बसला. पोरीचं ऐकून बसला, हे लक्षात ठेवा.

जाऊने दाराआडची पहार घेतली. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. घर बांधताना स्वतः बसवून घेतलेला उंबरा तिने चार घावांत फोडला. तिसऱ्या घावाला दगड तडकला, चौथ्याला मधला तुकडा निघून आला, आणि गाडी माझ्या मुलासकट धाडकन तिच्या स्वयंपाकघरात उतरली.

"चालू," जाऊचा शब्द आला. या वेळी तिने पदरचं काहीच जोडलं नव्हतं.

आम्ही चाक फिरवलं. गाडी फरशी कापत आली. फुटणाऱ्या एकेका फरशीचा आवाज मला शेडच्या टोकाला ऐकू येत होता, किंवा मला तसं वाटत होतं. पुढच्या दाराने गाडी बाहेर आली, बोळ ओलांडला आणि शेडच्या दाराशी टेकली. इकडे दीर ठोकळ्यासकट माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "वहिनी, चाक सोडा आता," तेव्हा मला कळलं की मी अजून मूठ आवळून धरली होती.

मदतनीसाने यंत्र दोराच्या कडेने चालवत नेलं. गाव त्याच्या मागे. त्याने आकडा वाचला, दोनशे एक्केचाळीस. बाईंनी त्याला पुन्हा मोजायला लावलं. दुसऱ्यांदाही तेवढाच. मग त्या खाली बसल्या आणि दोर दोन्ही हातांनी तपासत निम्म्या शेडभर गेल्या, जोड शोधत. उठल्या तेव्हा गुडघे मातीचे होते.

निर्णय राजधानीत होतो, असं त्यांनी सांगितलं. पण गाडीत बसताना नगराध्यक्षांना म्हणाल्या की शिकणाऱ्या दहा जणांची नावं सोमवारपर्यंत पाठवा, आणि शिकवणारा कोण तेही लिहा. आणि पुढच्या वेळी आकडा दिरांना विचारून घाला. नगराध्यक्ष हो हो म्हणत राहिले. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर ते रस्त्यातल्या एका शाळेच्या खुर्चीवर बसले आणि रडले. न्हाव्याने त्यांना पाणी दिलं.

माझ्या मुलाने धुळीने माखलेली विजार झाडली. झाडून काही उपयोग नव्हता. टाचणी समोर उभी होती, काय ऐकावं लागतंय या तयारीने. त्याने विचारलं, दहापैकी किती नावं झाली? ती म्हणाली, एक. तो म्हणाला, बरं, आणि गाडीची किल्ली खिशात ठेवून खुर्च्या शाळेत पोहोचवायला गेला.

मी जाऊच्या घरी गेले. चपला दाराशी काढल्या, जरी चपला काढाव्यात असं आत आता काही उरलं नव्हतं. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पांढऱ्या फरशीतून दोन खोल चर गेले होते, सरळ, शेजारी शेजारी. निळी नक्षी मधूनच कापली गेली होती. जाऊ केरसुणीने तुकडे गोळा करत होती. मी दुसरी केरसुणी घेतली. ती नको म्हणाली नाही.

मी म्हटलं, गवंड्याला उद्याच बोलावते, आधीसारखी करून घेऊ. माझ्याकडून निघालेलं ते पहिलं 'घेऊ' होतं, 'देईन' नव्हतं. तिला ते कळलं असणार. तिला सगळं कळतं, तेच तर माझं दुखणं आहे.

तिने केरसुणीच्या टोकाने चरातली माती काढली, चराची रुंदी निरखली, मग दुसऱ्याची.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या दोराला गाडी यातून नीट जाईल." आणि जरा थांबून, "बसा. चहा टाकते. त्या बाजूला बसा, तिथे फरशी आहे."